ईएमजीवरून पकडीचा जोर ओळखणे: कृत्रिम हातावर काम करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोपराखालून हात गेलेल्या माणसासाठी मोटरवर चालणारा पंजा बनवताना ‘उघड’ आणि ‘मीट’ या दोन आज्ञा ओळखणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. अवघड आहे ते किती जोराने मिटायचे हे ओळखणे. कागदी कपातला चहा उचलताना आणि एसटीतली दांडी धरताना बोटे सारखीच मिटतात, बदलतो तो जोर. स्नायूंचे विद्युत संकेत त्वचेवरच्या इलेक्ट्रोडने टिपून, म्हणजे ईएमजीने (इलेक्ट्रोमायोग्राफी), तो ओळखता येतो. खालची उत्तरे या जोरापुरतीच आहेत. अभियांत्रिकीचे विद्यार्थी, संशोधक आणि कृत्रिम अवयव बसवणारे तंत्रज्ञ यांना समोर ठेवून ती लिहिली आहेत.

ईएमजी म्हणजे स्नायूचा जोर मोजणेच ना?

नाही. ईएमजी स्नायूला मिळालेल्या हुकमाची खूण टिपते, त्या हुकमातून तयार झालेला जोर नव्हे. मज्जारज्जूतून आलेला संदेश स्नायूत पोचला की तंतूंवरून विद्युतलहर धावते. अशा असंख्य लहरींची बेरीज त्वचेवर दिसते, तीही मधल्या चरबीतून गाळून आलेली. जास्त जोर हवा असला की मज्जासंस्था दोन गोष्टी करते: आधी लहान, मग मोठी अशी अधिकाधिक मोटर युनिट (एक मज्जापेशी आणि ती चालवते ते तंतू) कामाला लावते आणि कामाला लागलेल्यांना जास्त वेगाने संदेश धाडते. दोन्हींमुळे त्वचेवरचा संकेत मोठा होतो, म्हणून त्याच्या उंचीवरून जोराचा अंदाज बांधता येतो. पण स्नायूची लांबी, आकुंचनाचा वेग, सांध्याचा कोन किंवा थकवा बदलला की तेवढ्याच संकेतातून वेगळा जोर निघतो. मॉडेल लागते ते यासाठी.

पंजाच गेला, मग बोटांचे स्नायू उरतात का?

बरेचसे उरतात. बोटे मिटणारे आणि उघडणारे मोठे स्नायू पंजात नसून कोपर ते मनगट या भागात असतात आणि पंजात उतरतात त्या त्यांच्या दोऱ्या, म्हणजे कंडरा. आतल्या बाजूला फ्लेक्सर डिजिटोरम सुपरफिशियालिस बोटे मिटतो, बाहेरच्या बाजूला एक्स्टेन्सर डिजिटोरम ती उघडतो. जातात ते पंजातले छोटे स्नायू, ज्यांच्यावर अंगठ्याचे बारीक काम आणि बोटे फाकवणे अवलंबून असते. म्हणून मुठीच्या पकडीचा एकूण जोर ओळखण्याची अपेक्षा ठेवता येते. चिमटीच्या जोराचे मॉडेल मात्र नेहमी जास्त चुकते, कारण त्यातला मोठा वाटा उचलणारे स्नायूच उरलेले नसतात. स्टंप, म्हणजे हाताचा उरलेला भाग, जितका लांब तितकी कामाची जागा जास्त.

इलेक्ट्रोड कुठे आणि कसे लावायचे?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. इथे झालेली चूक पुढचे कोणतेही गणित दुरुस्त करत नाही.

बोटांनी चाचपून जागा शोधा. व्यक्तीला मूठ हळूहळू आवळायला आणि सोडायला सांगा. हात नसेल तर ‘नसलेली मूठ’ आवळायला सांगा. जिथे स्नायू ठळकपणे फुगतो तो त्याचा पोटाचा भाग. इलेक्ट्रोडची जोडी तिथे, तंतूंच्या दिशेत, म्हणजे साधारण हाताच्या लांबीला समांतर लावायची. दोन इलेक्ट्रोडच्या मध्यांमधले अंतर २० मिलिमीटर ठेवा. ईएमजीच्या मोजणीचे नियम ठरवणाऱ्या युरोपातील सेनियाम प्रकल्पाच्या शिफारशींमधले हे अंतर आज जवळपास सगळीकडे पाळले जाते. जोडी आडवी लावली तर संकेत लहान होतो आणि शेजारच्या स्नायूचा आवाज मिसळतो. स्नायू कंडरेला मिळतो त्या टोकाजवळ लावली तरी संकेत लहानच येतो. पुढच्या हाताचे स्नायू अरुंद आणि एकमेकांना चिकटून असतात, त्यामुळे शेजाऱ्याची मिसळ पूर्णपणे टळत नाही, कमी मात्र करता येते.

संदर्भाचा इलेक्ट्रोड हाडावर लावा. कोपराचे टोक त्यासाठी सोयीचे. त्वचा स्पिरिटने पुसा, दाट केस असतील तर काढा, मग गॉजने हलके घासा. लालसर झाली की पुरे, ओरखडा नको. चांदी-सिल्व्हर क्लोराइडचे जेलवाले इलेक्ट्रोड लावल्यावर पाचेक मिनिटे थांबा, तेवढ्या वेळात संपर्क स्थिरावतो. मापक असेल तर त्वचेचा अवरोध १० किलोओहमच्या खाली आला का ते पाहा. जागा ठरली की त्वचेवर पेनने खूण करा आणि मोजपट्टी धरून फोटो काढा. दुसऱ्या दिवशीच्या नोंदीत याचे महत्त्व कळते.

चॅनेल किती हवेत?

एका पकडीच्या जोरासाठी दोन पुरतात: एक मिटणाऱ्या बाजूला, एक उघडणाऱ्या बाजूला. चार असले तर बरे. वेगवेगळ्या पकडी ओळखून प्रत्येकीचा जोरही हवा असेल तर हाताभोवती सहा ते आठ.

उघडणाऱ्या बाजूचा चॅनेल वगळू नका. जोरात मूठ आवळताना मनगट वाकू नये म्हणून मागच्या बाजूचे स्नायूही आवळले जातात. स्वतःची मूठ आवळून दुसऱ्या हाताने मागची बाजू चाचपली की हे लगेच कळते. हे ध्यानात न घेता ‘मागचा चॅनेल वाढला म्हणजे उघड’ असा नियम लिहिला, तर माणूस जोर लावत असतानाच पंजा उघडू पाहतो. दोन्ही चॅनेल एकत्र मॉडेलला दिले की ते या जोडीचे प्रमाण स्वतः शिकते.

बाजारात मिळणारा कोणता सेन्सर चालेल?

घेण्याआधी एकच गोष्ट पाहा: तो कच्चा संकेत देतो की आधीच गुळगुळीत केलेला. मायोवेअर या ईएमजी सेन्सरच्या दुसऱ्या आवृत्तीत कच्चा, रेक्टिफाय केलेला (ऋण भाग धन केलेला) आणि गुळगुळीत, असे तिन्ही संकेत मिळतात. प्रोस्थेसिसच्या (कृत्रिम हाताच्या) सॉकेटमध्ये, म्हणजे स्टंपवर चढणाऱ्या खोळीत, बसणारे तयार कोरडे इलेक्ट्रोड बहुधा फक्त गुळगुळीत संकेत देतात. रोजच्या वापराला ते ठीक, पण मॉडेल बांधताना फिल्टरवर तुमचा ताबा राहत नाही.

एडी८२३२ ही चिप स्वस्त म्हणून हमखास घेतली जाते आणि हमखास फसवते. ती हृदयाच्या संकेतासाठी बनलेली आहे. तिच्या नेहमीच्या तयार बोर्डावरचा फिल्टर ४० हर्ट्झच्या आसपास संकेत कापतो. स्नायूच्या संकेताची मुख्य ताकद ५० ते १५० हर्ट्झमध्ये असते आणि उपयोगी भाग सुमारे ५०० हर्ट्झपर्यंत पसरतो. म्हणजे कामाचे तेच बोर्डावर कापले जाते, आणि उरतो तो मुख्यतः हालचालीचा कचरा. मूठ आवळली की स्क्रीनवर काहीतरी हलते, म्हणून चूक लवकर ध्यानात येत नाही. बोर्डावरचे रेझिस्टर आणि कपॅसिटर बदलून पट्टा रुंद करता येतो, नाहीतर सरळ दुसरे साधन घ्या. प्रयोगशाळेत काम असेल तर आठ चॅनेलची २४ बिटांची एडीएस१२९८ ही चिप उत्तम.

अर्डुइनो उनो पुरतो का?

एक-दोन चॅनेलला पुरतो. त्याचा एडीसी, म्हणजे व्होल्टेजचे आकड्यात रूपांतर करणारा भाग, १० बिटांचा, ५ व्होल्टला पायरी ४.९ मिलिव्होल्टची. संकेत हजारपट वाढवलेला असेल तर त्वचेवरच्या हिशेबाने पायरी होते ४.९ मायक्रोव्होल्ट. त्वचेवरचा संकेत मिलिव्होल्टच्या घरातला असल्याने हे चालते. संकेताच्या मधोमध अडीच व्होल्ट यावेत अशी मांडणी करा, नाहीतर खालचा अर्धा भाग कापला जाईल.

खरी अडचण सीरियल पोर्टची आहे. वेग ९६०० ठेवला तर सेकंदाला ९६० बाइट जातात. ‘५१२’ हे तीन आकडे आणि ओळ संपल्याच्या दोन खुणा धरल्या तर एका नमुन्याला ५ बाइट लागतात, म्हणजे सेकंदाला फक्त १९२ नमुने. हवेत किमान १०००. वेग ११५२०० केला की एका चॅनेलचे २३०० पर्यंत जातात. दोन चॅनेल आणि मधला स्वल्पविराम धरून ९ बाइटच्या ओळीला १२८० मिळतात. लूपमध्ये डिले टाकून नमुने घेऊ नका, टायमर इंटरप्टवर घ्या. नमुन्यांमधले अंतर डळमळले की फिल्टरचे सगळे आकडे खोटे ठरतात.

ईएसपी३२ वेगवान आहे, पण त्याचा एडीसी दोन्ही टोकांना सरळ रेषेत वागत नाही, आणि वायफाय चालू असताना एडीसी२ च्या पिना वापरता येत नाहीत. बाहेरून एडीसी जोडला की हे दोन्ही प्रश्न मिटतात.

संकेतात ५० हर्ट्झची गुणगुण दिसते. नॉच फिल्टर लावू का?

नॉच म्हणजे एकच वारंवारता कापणारा फिल्टर. तो लावण्याआधी कारण शोधा. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर नोंद घ्या. गुणगुण एकदम उतरली तर वाट चार्जरची होती. उतरली नाही तर संदर्भाचा इलेक्ट्रोड सुटलेला किंवा सुकलेला असतो, किंवा जोडीतल्या एकाचा संपर्क दुसऱ्यापेक्षा खूप वाईट असतो. तारा आखूड ठेवा, एकमेकींभोवती पिळा आणि पहिले प्रवर्धन शक्य तितके त्वचेजवळ करा.

एवढे करूनही राहिली तर अरुंद नॉच लावायला हरकत नाही. ५० हर्ट्झपाशी स्नायूचाही संकेत असतो, तो थोडा कापला जाईल. मात्र सगळ्या नोंदींवर तोच फिल्टर असेल तर जोराच्या अंदाजात फारसा फरक पडत नाही. शिकवताना नॉच आणि वापरताना नाही, असे मात्र कधीही करू नका.

जोर कशाने मोजायचा? एफएसआर चालेल का?

मॉडेल शिकवण्यासाठी नाही. एफएसआर पट्टी, म्हणजे दाबाने रोध बदलणारा पातळ सेन्सर, तेवढाच दाब धरून ठेवला तरी तिचा आकडा हळूहळू सरकतो; ती दाब चढताना एक आकडा देते आणि उतरताना दुसरा, आणि बोट थोडे बाजूला ठेवले की तिसराच. संदर्भच डळमळीत असेल तर मॉडेल त्या पट्टीच्या खोडी शिकते.

लोडसेल, म्हणजे वजनकाट्यातला जोर मोजणारा सेन्सर, घ्या. मुठीसाठी ५० किलोची पट्टीवजा लोडसेल दोन अर्ध्या दांड्यांमध्ये बसवून पकड तयार करा. चिमटीला १० किलोची पुरते. प्रमाणित वजने टांगून कॅलिब्रेट करा: शून्य, १, २, ५, १० किलो, चढताना आणि उतरतानाही. १ किलोला ९.८१ न्यूटन धरा.

लोडसेलचा संकेत वाचण्यासाठी तिच्याबरोबर येणारे एचएक्स७११ मॉड्यूल मुळात सेकंदाला १० वाचने देईल असे जोडलेले असते. त्या वेगाला नव्या जोरावर स्थिर व्हायला त्याला ४०० मिलिसेकंद लागतात. रेटची पिन उंचावली की ८० वाचने मिळतात आणि हा वेळ ५० मिलिसेकंदांवर येतो. पुष्कळ मॉड्यूलवर ही पिन जमिनीला जोडलेली असते, ती सोल्डर काढून उचलावी लागते. हे केले नाही तर ईएमजी आणि जोर यांच्यात मोठा विलंब दिसतो आणि तो स्नायूचा समजून लोक पुढची सगळी गणिते त्यावर रचतात.

दोन्ही नोंदी एकाच वेळेवर कशा आणायच्या?

एकाच मायक्रोकंट्रोलरने दोन्ही वाचणे सर्वांत सोपे. दोन वेगळी यंत्रे असतील तर दोघांनाही एकच चौकोनी पल्स द्या आणि नोंद संपताना तीच पुन्हा द्या, म्हणजे दोन घड्याळांमधली सरक कळते. संगणकावर डेटा पोचल्याची वेळ प्रमाण मानू नका. यूएसबी डेटा साठवून पुड्यापुड्याने पाठवते.

ज्याला हातच नाही त्याच्याकडून जोराचा संदर्भ कसा मिळवायचा?

एकाच बाजूचा हात गेला असेल तर आरशासारखा सराव वापरतात. शाबूत हातात लोडसेल देतात, पडद्यावर वरखाली जाणारी रेघ दाखवतात आणि दोन्ही बाजूंनी सारखाच जोर लावायला सांगतात. ईएमजी स्टंपवरून घेतात, जोर शाबूत हातावरून. दोन्ही बाजू अगदी सारख्या आवळल्या जात नाहीत, हे धरूनच चालावे. त्यामुळे रेघ हळू ठेवा, एक चढ ४ ते ५ सेकंदांचा. एकदम झटका देणारे प्रयत्न बाजूला काढा.

दोन्ही हात गेले असतील तर पडद्यावरची रेघ हाच संदर्भ. ‘अर्धा जोर’ म्हणजे माणसाला वाटणारा अर्धा. अंदाज जास्त ढोबळ येतो, पण वापरण्यासारखा येतो.

नसलेला हात आवळताना काहींना त्या नसलेल्या हातात कळ येते. आधी विचारा, मधेमधे विचारा, कळ आली की थांबा. वर्षानुवर्षे न वापरलेले स्नायू दहा मिनिटांत दमतात, म्हणून पहिल्या भेटीत मॉडेलसाठी नोंद घेण्याचा हट्ट नको. पडद्यावर स्वतःचा संकेत पाहून एकेक बाजू वेगळी आवळण्याचा काही दिवस सराव होऊ द्या. फिजिओथेरपिस्ट किंवा प्रोस्थेटिस्ट सोबत असावा. मुंबईत हाजीअलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आणि पुण्यात सैन्यदलाचे कृत्रिम अवयव केंद्र अशा ठिकाणी अनुभवी लोक आहेत. त्यांच्या बोटांना जी जागा एका मिनिटात सापडते, ती शोधण्यात इंजिनिअरचा अर्धा दिवस जातो.

एका नोंदीचा क्रम कसा असावा?

१. हात टेबलावर, कोपर ९० अंशांत. ३० सेकंद पूर्ण आराम. ही आधारपातळी.
२. कमाल जोराचे तीन प्रयत्न, प्रत्येकी ३ ते ५ सेकंद, मध्ये २ मिनिटे विश्रांती. तिन्हींतला सर्वांत मोठा घ्या.
३. कमालच्या १०, २०, ३०, ५० टक्क्यांच्या पायऱ्या, उलटसुलट क्रमाने.
४. हळू चढउतार, मग सेकंदाला पाव ते अर्धे आवर्तन असलेली लाट.
५. क्रम न सांगता बदलणारी रेघ, एक मिनिट. ही नोंद मॉडेलला शिकवताना दाखवायची नाही.
६. पुन्हा कमाल जोराचा एक प्रयत्न. तो पहिल्यापेक्षा बराच कमी भरला तर स्नायू थकला आहे आणि मधल्या नोंदी संशयास्पद आहेत.

पायऱ्या १०० टक्क्यांपर्यंत नेण्याची गरज नाही. रोजची बहुतेक कामे खालच्या पट्ट्यात होतात आणि मॉडेलचा कस लागतो तोही तिथेच.

कच्च्या संकेतापासून जोरापर्यंत पायऱ्या कोणत्या?

आधी २० ते ४५० हर्ट्झचा पट्टा ठेवा. २० च्या खालचा भाग बहुतांशी तारा आणि त्वचा हलल्याचा असतो. मग संकेत रेक्टिफाय करा, म्हणजे ऋण भाग धन करा. हा क्रम उलटला तर तारा हलल्याचा कचराही जोर म्हणून मोजला जाईल. मग २ ते ६ हर्ट्झचा लो-पास, म्हणजे फक्त संथ बदल जाऊ देणारा फिल्टर, लावा. आरामाची पातळी वजा करा आणि कमाल प्रयत्नाच्या उंचीने भागा. आता ० ते १ मधला आकडा हातात येतो.

गुळगुळीतपणा आणि विलंब यांची देवघेव इथे ठरते. दुसऱ्या ऑर्डरचा बटरवर्थ (लो-पास फिल्टरचा एक रूढ प्रकार) ६ हर्ट्झला ठेवला तर संथ संकेताला साधारण ३८ मिलिसेकंद उशीर होतो, ४ ला ५६, २ ला ११२. फिल्टरऐवजी सरासरीची विंडो, म्हणजे सरासरी काढायचा काळाचा तुकडा, वापरली तर ती चौपट केल्यावर संकेताचा डोल निम्मा होतो. म्हणजे १०० ऐवजी ४०० मिलिसेकंद थांबून फायदा फक्त दुप्पट. लोडसेलने मोजलेल्या जोराशी जुळवायला २ ते ३ हर्ट्झ बरा पडतो, वापरणाऱ्या माणसाला ४ ते ६ आवडतो. माणसाचे ऐका.

संगणकावर विश्लेषण करताना पुष्कळ जण पुढून आणि मागून दोनदा फिल्टर फिरवतात, म्हणजे विलंब शून्य दिसतो. त्यासाठी पुढचे नमुने आधीच माहीत असावे लागतात. हातावर ते नसतात. शिकवताना आणि तपासताना तोच एकदिशा फिल्टर वापरा जो शेवटी चिपवर चालणार आहे.

ईएमजी आणि जोर यांचे नाते सरळ रेषेचे असते का?

स्नायूवर अवलंबून आहे. लिपोल्ड यांनी १९५२ मध्ये पोटरीच्या स्नायूत, सांधा स्थिर ठेवून, ते सरळ रेषेचे असल्याचे दाखवले. दंडाच्या बायसेप्ससारख्या स्नायूंत जोर वाढत जाईल तसा ईएमजी त्याहून वेगाने वाढताना आढळतो. तुमच्या नोंदीचा आलेख काढा आणि वाकलेला असेल तर वक्रतेचा एक आकडा मॉडेलमध्ये घाला.

रूढ पद्धत घातांकी वक्राची आहे. सामान्यीकृत ईएमजीला (वरचा ० ते १ मधला आकडा) वक्रतेच्या आकड्याने गुणा, घातांकी फल काढा, एक वजा करा. मग नुसत्या वक्रतेच्या आकड्याचे घातांकी फल काढून त्यातूनही एक वजा करा आणि पहिल्याला दुसऱ्याने भागा. येते ती स्नायूची सक्रियता. वक्रतेचा आकडा उणे ३ ते शून्य यांच्यात ठेवतात, शून्याजवळ गेला की रेषा सरळ होते. आकडा उणे १ असेल तर अर्ध्या ईएमजीला सक्रियता ०.६२ येते, उणे २ असेल तर ०.७३. हलक्या पकडीत एवढा फरक म्हणजे कप धरणे आणि कप चेपणे यांतला फरक.

हिलचे मॉडेल वापरावे की न्यूरल नेटवर्क?

ए. व्ही. हिल यांच्या १९३८ च्या कामातून पुढे आलेल्या मॉडेलमध्ये स्नायूचा जोर म्हणजे कमाल जोर गुणिले सक्रियता गुणिले लांबीचा परिणाम गुणिले वेगाचा परिणाम, अधिक ताणलेल्या ऊतींचा जोर. सांधा हलत असेल आणि स्नायूंची लांबी माहीत असेल तर हे मॉडेल सुंदर चालते, कारण त्यातल्या प्रत्येक आकड्याला शरीरात अर्थ आहे. स्टंपमध्ये मात्र स्नायूंची टोके शस्त्रक्रियेत दुसरीकडे जोडलेली असतात. लांबी किती, कंडरा किती उरली, हे कळायला मार्ग नसतो. अज्ञात आकडे डेटावरूनच बसवायचे असतील तर हिलचे नाव राहते, अर्थ उडतो.

कोपराखालच्या प्रोस्थेसिसला आमची पहिली निवड साधी आहे. गुळगुळीत केलेले दोन चॅनेल सेकंदाला ५० नमुन्यांवर आणा, प्रत्येकाची मागची २० मूल्ये घ्या, म्हणजे ४०० मिलिसेकंदांचा इतिहास, त्यांचे वर्गही घ्या. झाली ८० सदरे. त्यावर रिज रिग्रेशन, म्हणजे मोठ्या गुणांकांना दंड लावणारे सरळ रेषेचे मॉडेल, चालवा. तीन-चार मिनिटांच्या नोंदीत दहा हजारांच्या आसपास ओळी मिळतात. हे काही सेकंदांत शिकते, छोट्या चिपवर चालते आणि चुकले तर का चुकले ते गुणांक पाहून कळते. दंड शून्य ठेवू नका, शेजारची मूल्ये एकमेकांसारखीच असल्याने गुणांक उधळतात.

चॅनेल आठ आहेत, पकडी अनेक आहेत, वेगवेगळ्या दिवसांचा भरपूर डेटा आहे, अशा वेळी न्यूरल नेटवर्कला अर्थ आहे. एका बैठकीच्या डेटावर ते फक्त त्या बैठकीचे पाठांतर करते.

आर-स्क्वेअर ०.९७ आला. मग हातावर का चालत नाही?

आर-स्क्वेअर म्हणजे अंदाज खऱ्या जोराशी किती जुळतो याचा आकडा, १ म्हणजे पूर्ण जुळणी. तो चांगला असून हात चालत नाही, याचे बहुतेक वेळा कारण एकच असते: विंडो आधी पाडल्या आणि मग त्या मिसळून शिकवण्याचा व तपासण्याचा भाग केला. एकमेकींवर चढलेल्या विंडोंमध्ये बराचसा डेटा तोच असतो. मॉडेलने प्रश्नपत्रिका आधीच पाहिलेली असते. पूर्ण प्रयत्न बाजूला ठेवून तपासा, मग पूर्ण दिवस बाजूला ठेवून तपासा. शेवटचा आकडा घसरेल, पण खरा तोच.

दुसरे म्हणजे, आर-स्क्वेअर मोठ्या जोराच्या पट्ट्यात छान दिसतो आणि हलक्या पकडीतली चूक झाकतो. चूक न्यूटनमध्ये काढा आणि कमालच्या २० टक्क्यांखालचा भाग वेगळा मांडा. ३०० ग्रॅमचा भरलेला पेला उचलायचा आहे असे धरा. वजन ३ न्यूटन, दोन बाजूंनी पकड, घर्षणांक ०.५. लागणारा दाब ३ न्यूटन. पेला ओला होऊन घर्षणांक ०.२ झाला की तोच दाब ७.५ न्यूटन. म्हणजे कोरडा धरणे आणि ओला निसटणे यांत साडेचार न्यूटनचे अंतर आहे. तुमच्या मॉडेलची हलक्या पट्ट्यातली चूक याहून मोठी असेल तर ०.९७ चा उपयोग नाही.

सकाळी चालते, दुपारी बिघडते. का?

कोरडे इलेक्ट्रोड सुरुवातीला खरोखर कोरडे असतात, त्यामुळे पहिली काही मिनिटे गुणगुण जास्त. थोडा घाम आला की संपर्क सुधारतो. मग घाम वाढून दोन इलेक्ट्रोडमध्ये पाण्याचा पूल बनला की संकेत लहान होतो. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्याआधीच्या दमट दिवसांत हा तिसरा टप्पा लवकर येतो. म्हणून कॅलिब्रेशन सॉकेट घातल्या घातल्या न करता पंधरा मिनिटांनी करा.

थकव्याने उलटे होते. तेवढाच जोर टिकवायला जास्त युनिट लागतात, संकेत मोठा होतो आणि वर्णपट खालच्या वारंवारतेकडे सरकतो. मॉडेलला वाटते जोर वाढला. मध्यक वारंवारता, म्हणजे जिच्या खाली वर्णपटाची अर्धी ताकद असते ती, सोबत मोजत राहा. ती सतत उतरत असेल तर थकवा ओळखता येतो.

हात खाली सोडलेला असताना शिकवलेले मॉडेल हात डोक्यावर नेला की चुकते. स्टंपचे वजन सॉकेटमध्ये वेगळ्या ठिकाणी टेकते, स्नायू त्वचेखाली सरकतात, हात सावरण्यासाठी वेगळे स्नायू लागतात. शिकवण्याची नोंद निदान तीन स्थितींत घ्या: हात खाली, समोर, वर. हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त फळ देणारा उपाय आहे.

एकूण विलंब किती चालतो?

फॅरेल आणि वीअर यांच्या २००७ च्या अभ्यासात नियंत्रकाचा योग्य विलंब १०० ते १२५ मिलिसेकंद निघाला. त्यात विंडो, फिल्टर आणि गणित सगळे बसवा. एक गोष्ट आपल्या बाजूने आहे: नैसर्गिक हातात ईएमजी उमटल्यानंतर जोर दिसायला साधारण ३० ते १०० मिलिसेकंद जातात. फिल्टरचा उशीर काही अंशी या उसनवारीतून फेडता येतो.

मॉडेलचा जोर मोटरला कसा द्यायचा?

नुसत्या मोटरच्या करंटवर विसंबू नका. गिअरमधले घर्षण हलका जोर गिळून टाकते, म्हणजे जिथे अचूकता हवी तिथेच करंट काही सांगत नाही. अंगठ्याच्या टोकाशी स्ट्रेन गेज (ताण मोजणारी बारीक पट्टी) बसवा आणि मॉडेलने सांगितलेला जोर व गेजचा जोर यांतल्या फरकावर मोटर चालवा.

पंजा उलटा न फिरणाऱ्या गिअरचा असेल तर धरलेली पकड करंट बंद झाल्यावरही टिकते. मग माणसाने सतत आवळून ठेवण्याची गरज राहत नाही. स्नायू आवळले की जोर वाढेल, सैल सोडले की आहे तिथे राहील, उघडायचे तेव्हाच मागची बाजू आवळायची. दिवसभर हात वापरणाऱ्याला याने मोठा आराम मिळतो. सुरू होण्याची पातळी आरामाच्या सरासरीच्या वर तीन प्रमाण विचलनांवर ठेवा आणि थांबण्याची त्याहून थोडी खाली, नाहीतर पंजा थरथरतो. जोर वाढण्याच्या वेगालाही मर्यादा घाला.

इलेक्ट्रोड सुटला की प्रवर्धक ५० हर्ट्झने भरून जातो आणि मॉडेल त्याला पूर्ण जोर समजते. हा दोष धोकादायक आहे, कारण पंजात त्या वेळी मुलाचा हात असू शकतो. संकेत कमाल मर्यादेला टेकला किंवा ५० हर्ट्झचा वाटा अचानक वाढला की मोटर आहे तिथे थांबवा. उघडू नका, पंजात गरम भांडेही असू शकते.

सरावासाठी तयार डेटा मिळतो का?

निनाप्रो हा खुला संग्रह वापरा. त्याच्या दुसऱ्या संचात ४० धडधाकट व्यक्तींच्या १२ इलेक्ट्रोडच्या, सेकंदाला २००० नमुन्यांच्या नोंदी आहेत आणि त्यात बोटांच्या जोराचा स्वतंत्र भाग आहे. तिसऱ्या संचात कोपराखालून हात गेलेल्या ११ व्यक्ती आहेत. सेन्सर येण्याची वाट पाहण्यापेक्षा फिल्टर आणि मॉडेलचा कोड यावर आधी पक्का करून घ्या.

माणसांवर नोंदी घ्यायला परवानगी लागते का?

संशोधन म्हणून घेत असाल तर हो. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आणि सहभागी व्यक्तीची लेखी संमती लागते. संमतीपत्र मराठीत द्या आणि वाचूनही दाखवा. कधीही थांबता येईल आणि थांबल्याने उपचारावर परिणाम होणार नाही, हे तोंडी सांगा.

शरीराला जोडलेले सर्किट बॅटरीवर चालवा. लॅपटॉप जोडायचा असेल तर तोही चार्जर काढून, किंवा मध्ये आयसोलेटर (विजेची थेट वाट तोडणारा भाग) घालून. भिंतीतल्या प्लगला लावलेला स्वस्त चार्जर आणि घासून ओलसर केलेल्या त्वचेवरचे इलेक्ट्रोड ही जोडी कोणत्याही घाईत, ‘एकच नोंद’ म्हणूनही, एकत्र येऊ देऊ नका.